ओली भिंत आणि जमिनीची रेघ: फोंड्याजवळच्या एका घराचा छेद

गोव्यात फोंडा तालुक्यातलं, कुळागराला (सुपारी-माडांच्या बागेला) पाठ लावून उभं असलेलं जुनं घर. जांभ्या चिऱ्यांच्या जाड भिंती, मंगळुरी कौलं, मधोमध राजांगण म्हणजे उघडा चौक, त्यात तुळशीवृंदावन, भोवती वसरी (ओसरी). राजांगणाच्या मागे माजघर, देवघर आणि उजव्या टोकाला कोठीची खोली. तक्रार त्या कोठीची होती. तिची मागची भिंत आतून ओली. गिलाव्याचे पोपडे पडलेले, खालचा भाग काळपट, तांदळाची पिंपं भिंतीपासून हातभर लांब सरकवलेली.

घरच्यांना दोन कामं एकदम उरकायची होती. एक, ही ओल घालवायची. दुसरं, होमस्टेसाठी मागच्या माळ्यावर एक खोली काढायची आणि कोठीच्या मागे न्हाणी-संडास जोडायचा. कंत्राटदाराने ओलीचं निदान करून टाकलं होतं: छप्पर गळतंय, मागचं पाखं (छपराची उतरती बाजू) पूर्ण उतरवून वासे (उतरती लाकडं) आणि रिपा (कौलांखालच्या आडव्या पट्ट्या) यांसकट नवं करावं लागेल. आकडा अर्थातच मोठा होता. त्याआधी कौलं बदलून झाली होती, कौलांखाली प्लास्टिक घालून झालं होतं, भिंतीला आतून वॉटरप्रूफ कोटिंगचे हात मारून झाले होते. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिमी पाऊस पडतो, त्यामुळे ओल दिसली की माणूस आधी वरच बघतो. त्यात त्याचं चुकत नाही.

आमच्याकडे काम आलं ते नकाशांसकट. परवान्यासाठी पूर्वी कोणाकडून तरी काढून घेतलेला संच होता. प्लॅन (वरून), एलिव्हेशन (बाहेरून), दोन सेक्शन म्हणजे छेद (घर उभं कापल्यावर आत जे दिसेल ते), सगळं १:१०० ला. नकाशा नीटनेटका होता आणि ज्या कामासाठी काढला ते काम त्याने केलं होतं. पण त्या दोन सेक्शनांत ओलही दिसत नव्हती आणि माळ्यावरची अडचणही. दोन्ही गोष्टी घरात होत्या, कागदावर नव्हत्या. हे कसं झालं आणि तिसरा सेक्शन काढल्यावर काय दिसलं, त्याची ही हकीकत. सेक्शन काढायला शिकणाऱ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून जरा तपशिलात लिहितो.

जुने दोन छेद

पहिला, अ-अ, पुढच्या दारातून निघून तुळशीवृंदावनावरून थेट मागच्या दारापर्यंत. बहुतेक जण पहिला छेद असाच घेतात. घराचा मध्य, सगळी दारं एका रेषेत, नकाशा देखणा येतो, आणि दारातून कापलं की जोतं, उंबरठा, लिंटल (दारावरची आडवी तुळई) हे सगळं एकाच रेषेवर मिळतं. दुसरा, ब-ब, मागच्या भागातून आडवा, आढ्याच्या म्हणजे छपराच्या सर्वांत उंच रेषेच्या बरोबर खालून.

अ-अ मध्ये जमीन सरळ रेषेत दाखवली होती. पुढच्या अंगणात एक पातळी, मागच्या परसवात एक पातळी, दोन्ही रेघा पट्टीने ओढल्यासारख्या सपाट. आता गंमत अशी की मागच्या दारापाशी ही रेघ खरीच होती. मी तिथे मोजून पाहिलं, नकाशा आणि जमीन जुळली. दाराबाहेर दोन पायऱ्या, फरसबंदी वाट, सगळं साफ. कारण दाराजवळची जमीन माणसाने आपल्या पायांच्या सोयीने केलेली असते. ती उकरली जाते, झाडली जाते, तिच्यावर फरशी पडते. जिथे कोणी चालत नाही तिथली जमीन मात्र आपली आपण वाढत जाते. म्हणजे दारातून काढलेला छेद अगदी काटेकोर मोजला असता, तरीही या घराच्या ओलीबद्दल तो काहीच बोलला नसता.

फणस कुठूनही कापला तरी गरे दिसतात. घराचं तसं नाही. छेदाची रेघ प्लॅनवर कुठे पडते त्यावर काय कळणार आणि काय झाकलं जाणार हे ठरतं, आणि ही रेघ ओढण्याआधी आपल्याला घराला काय विचारायचंय ते माहीत असावं लागतं.

रेघ कुठे ओढली

आमचा प्रश्न कोठीच्या मागच्या भिंतीचा होता, म्हणून छेद तिच्यातून जायलाच हवा होता. पण राजांगण आणि पुढची वसरीही त्याच नकाशात हवी होती, कारण पाणी कुठून कुठे जातं ते सलग दिसायला हवं. सरळ रेघ ओढली तर ती कोठीतून पुढे येताना राजांगण चुकवून कडेच्या खोल्यांतून गेली असती. तेव्हा रेघेला एक वळण दिलं. पुढच्या वसरीपासून राजांगणाच्या मध्यातून मागच्या वसरीपर्यंत सरळ, तिथे काटकोनात उजवीकडे, आणि मग पुन्हा सरळ, कोठीतून मागच्या भिंतीतून बाहेर. याला क-क नाव दिलं.

वळणाच्या छेदाचे नियम थोडेच आहेत, पण शिकाऊ मुलं ते हमखास मोडतात. वळण मोकळ्या जागेत घ्यायचं, भिंतीच्या जाडीत नाही. प्लॅनवर वळणाचे दोन्ही कोपरे ठळक करायचे, दोन्ही टोकांना बाण, आणि बाणांचं तोंड ज्या बाजूला बघायचंय तिकडे. छेदाच्या नकाशात मात्र वळणाच्या जागी रेघ मारायची नाही. दोन तुकडे एकाच सपाटीवर आहेत असं समजून सलग काढायचं. आम्ही बाण डावीकडे वळवले, कारण तिकडे देवघराची भिंत, खिडक्या आणि मागच्या दाराची वाट दिसत होती. उजवीकडे नुसती कोरी भिंत होती.

आणखी एक ठरवलं: छेद घराच्या भिंतीवर संपवायचा नाही. मागे कुळागरात निदान पाच मीटर पुढे न्यायचा. घर पुढून मागे २२ मीटर, वर हे पाच मिळून २७. १:५० ला ते ५४० मिमी होतात आणि ए२ च्या कागदावर समासासकट जेमतेम बसतात. १:१०० ला छोटा कागद पुरला असता, पण तिथे कोठीची एक पायरी, १५० मिमीची, कागदावर दीड मिमी होते. दीड मिमीत पायरी आहे हे कळतं, ती कशासाठी आहे हे कळत नाही.

मोजणी

मोजणी जुन्या पद्धतीने केली, लेव्हल पाईप घेऊन. लेझर होता, तो अंतरांसाठी वापरला. पातळीसाठी पाण्याने भरलेला पारदर्शक पाईप अशा घरात मला जास्त भरवशाचा वाटतो. तो दारातून, खिडकीतून, राजांगणाच्या पलीकडे कुठेही वळतो, आणि मधे भिंत आहे म्हणून त्याचं काही अडत नाही. एवढंच बघायचं की आत हवेचा बुडबुडा राहिलेला नाही.

शून्य धरलं ते पुढच्या वसरीच्या जमिनीला. त्या हिशेबाने पुढचं अंगण उणे ०.७५ मीटर, राजांगण उणे ०.४५, माजघर शून्य, कोठी उणे ०.१५. मागच्या दाराबाहेरची वाट उणे ०.३०. कोठीच्या उजव्या अंगाने सुपाऱ्या आणायची वाट जाते, ती उणे ०.५० च्या आसपास. इथपर्यंत सगळं घर आपल्या जोत्यावर व्यवस्थित उभं.

मग पाईपचं एक टोक कोठीच्या खिडकीतून बाहेर दिलं. बाहेर, भिंतीला लागून, सुपारीच्या झावळ्या, नारळाची सोडणं, केळीचे खुंट आणि वर्षानुवर्षांची कुजून माती झालेली पानं. तिथली पातळी आली अधिक ०.५५. म्हणजे बाहेरची माती कोठीच्या जमिनीपेक्षा ०.७० मीटर वर.

आतल्या बाजूला तीच पातळी खडूने भिंतीवर मारली. खडूची रेघ आणि भिंतीवरचा काळपट पट्टा बरोबर जुळले. रेघेच्या खाली भिंत हाताला गार आणि ओली. रेघेच्या वर वीत-दीड वीत पांढरा खार फुटलेला, रंगाचे फुगे आलेले, आणि जमिनीपासून मीटरभर उंचीवर सगळं थांबलेलं. त्याच्या वर, थेट वॉलप्लेटपर्यंत (भिंतीच्या माथ्यावरच्या आडव्या लाकडापर्यंत), भिंत कोरडी ठणठणीत. छप्पर गळत असतं तर ओलीचे ओघळ वरून आले असते. इथे वरची दोन तृतीयांश भिंत कोरडी होती.

तोवर घरातल्या आजी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी सहज सांगितलं की ही भिंत पावसाळ्यात जितकी ओली तितकीच एप्रिलमध्येही असते, किंबहुना जास्तच. हे वाक्य कंत्राटदाराच्या कानावर गेलं नसावं. एप्रिलमध्ये छप्पर गळत नाही.

एप्रिलमध्ये काय चालू असतं, तर कुळागराचं शिंपण. इथली कुळागरं उन्हाळ्यात पाटाच्या पाण्यावर जगतात, आणि या घराचा पाट मागच्या भिंतीपासून तीन मीटरवरून जात होता. मातीचा, अस्तर नसलेला. त्याचा तळ अधिक ०.८० वर, म्हणजे कोठीच्या जमिनीच्या ०.९५ वर. पावसाळ्यात डोंगराकडचं पाणी, उन्हाळ्यात पाटाचं, मध्ये स्पंजासारखी मऊ माती आणि पलीकडे जांभा. जांभा सच्छिद्र. अशा जुन्या घरांच्या जोत्यात ओल अडवणारा थर नसतो, त्यामुळे पाणी भिंतीत शिरतं आणि वर चढतं. आतून मारलेल्या कोटिंगने त्यात भरच घातली होती: ओल आतल्या बाजूने उडून जायची ती वाट बंद झाली, म्हणून ती आणखी वर गेली.

कागदावर

मोजमाप हातात आल्यावर नकाशा आमच्याकडच्या ट्रेनी मुलीने काढला. संगणकावर ती माझ्यापेक्षा जलद आहे. तिच्याशी चर्चा झाली ती रेघांच्या जाडीवरून. आयएस ९६२ हे बांधकामाच्या नकाशांचं भारतीय मानक ती शिकून आली होती, आणि ०.१३, ०.१८, ०.२५, ०.३५, ०.५, ०.७ मिमी ही जाड्यांची मालिकाही तिला पाठ होती. पण तिच्या पहिल्या प्रिंटवर जमिनीची रेघ ०.२५ ची होती, खिडकीच्या चौकटीइतकी. मी म्हटलं, जमीनही कापली गेली आहे ना? भिंत जशी कापली तशीच. मग ती बारीक का? छेदात जे जे सुरीखाली आलं ते ठळक, जे मागे दिसतं ते बारीक, हा एकच नियम, आणि त्यातून जमिनीला सूट नाही. आम्ही जमिनीला ०.७ दिली, कापलेल्या भिंतींना ०.५, मागे दिसणाऱ्या गोष्टींना ०.२५ आणि ०.१८, जांभ्याच्या हॅचला (कापलेला भाग भरायच्या तिरक्या रेघांना) ०.१३. प्रिंट काढल्यावर ती मागे चढत गेलेली जाड रेघ लांबूनच डोळ्यात भरायला लागली.

छपराच्या बाबतीत तिने विचारलेला प्रश्न चांगला होता: वासे हॅच करायचे का? करायचे नाहीत. छेद आढ्याला काटकोनात आहे, तेव्हा आढं, वॉलप्लेट आणि रिपा आडव्या कापल्या जातात. त्यांचे छोटे चौकोन ठळक येतात. वासे छेदाला समांतर उतरतात, ते कापले जात नाहीत, नुसते बाजूने दिसतात. त्यांना बारीक रेघ. हेच ब-ब मध्ये उलटं होईल, तिथे वासे कापले जातील आणि रिपा लांबच्या लांब दिसतील. दोन्ही छेदांत सगळं लाकूड सारखंच काळं केलेला नकाशा मी पुष्कळ वेळा पाहिला आहे. त्यावरून सुतार काम करू शकत नाही.

पाया आम्हाला दिसत नव्हता. दिसत नाही ते ठाम रेघेत काढायचं नाही. भिंतीलगत एक लहान खड्डा घेतला, तळ उणे १.०० वर लागला. तिथे पाया सलग रेघेत काढला. बाकी सगळ्या भिंतींचा पाया तुटक रेघेत, शेजारी ‘अंदाजे’ असं लिहून. मुलीला ते कमीपणाचं वाटलं. मला उलट वाटतं: तुटक रेघ बघून गवंडी तिथे जपून खणतो.

माळ्याचं काय झालं

होमस्टेच्या खोलीचा निकाल याच नकाशात लागला. जुन्या ब-ब मध्ये माळ्यावरची खोली ऐसपैस दिसत होती, सगळीकडे २.४० मीटर उंच. ते खोटं नव्हतं. छेद आढ्याच्या खालून गेला होता आणि आढ्याखाली उंची २.४० आहेच. फक्त ती दुसरीकडे कुठेच नाही.

क-क मध्ये त्रिकोण उभा राहिला. मागच्या भागाची रुंदी ८.४० मीटर, आढ्यापासून भिंतीपर्यंत ४.२०, चढ २.४०. उतार जवळजवळ ३० अंश, मंगळुरी कौलांना अगदी योग्य. पण या उतारावर दोन मीटर उंची मिळायला भिंतीपासून साडेतीन मीटर आत यावं लागतं. उरतात आढ्याच्या दोन्ही बाजूंना ०.७० मीटर. म्हणजे ८.४० मीटर रुंद खोलीत उभं राहून चालायला १.४० मीटरचा पट्टा. वाशांची आणि रिपांची जाडी वजा केली तर त्याहूनही कमी. बाकी सगळीकडे पाहुण्याने वाकून चालायचं.

घरातल्या थोरल्या मुलाला हे आकड्यांनी पटलं नाही. म्हणून नकाशात त्या त्रिकोणात १.७० मीटरचा माणूस काढला, एकदा आढ्याखाली आणि एकदा भिंतीपासून दोन मीटरवर. दुसऱ्या माणसाचं डोकं कौलांच्या बाहेर आलं. तिथे छपराखालची उंची १.१४ मीटरच भरते. मुलगा हसला आणि विषय संपला. नकाशात माणूस काढणं हे सजावटीचं काम समजलं जातं, ते तसं नाही.

छप्पर उचलून भिंती वाढवायच्या का, असं कंत्राटदाराने सुचवून पाहिलं. राजांगणाच्या चारी बाजूंची वळचण एका उंचीवर आहे. मागची एकटी वर गेली तर कोपऱ्यांतल्या पन्हळी मोडतात, आणि गोव्याच्या पावसात पन्हळीचा सांधा बिघडवणं म्हणजे नसलेली गळती विकत घेणं. तो विचार तिथेच सोडला.

काम

न्हाणी-संडास कोठीच्या मागे नेण्याचा बेतही छेद बघून बदलला. तिथे जागा काढायची तर चढती जमीन सव्वा-दीड मीटर कापावी लागली असती, पाटाच्या ऐन तोंडाशी. डोंगरउतार कापायला गोव्याच्या नगर नियोजन कायद्याच्या १७-अ कलमाखाली आधी लेखी परवानगी लागते. परवानगी मिळाली असती तरी पाण्याच्या वाटेत संडास बांधण्यात शहाणपण नव्हतं. तो डाव्या अंगाला, माजघराच्या बाजूला गेला. तिथे जमीन सपाट आहे आणि सेप्टिक टँक विहिरीपासून लांब ठेवता येतो.

ओलीसाठी केलं ते असं. कोठीच्या मागच्या सहा मीटर भिंतीलगत १.२० मीटर रुंदीची माती काढली, अधिक ०.५५ पासून उणे ०.३५ पर्यंत. साधारण सात घनमीटर माती निघाली, ती कुळागरातच माडांच्या बुंध्यांना गेली. खणणं एकदम केलं नाही, तुकड्यातुकड्याने केलं. पायाचा तळ उणे १.०० वर असल्याने खाली ०.६५ मीटर माती राहत होती. हा आकडा हातात नसता तर मी भिंतीलगत कुदळ लावू दिली नसती. पलीकडे साधारण मीटरभर उंचीचा सुका गडगा (चुना-सिमेंटशिवाय रचलेली भिंत), चिऱ्यांचा, किंचित मागे कललेला, मागून येणारं पाणी सांध्यांतून बाहेर पडू देणारा. गडगा आणि भिंत यांच्यामध्ये गटार, शंभरास एक उताराने उजवीकडे सुपाऱ्यांच्या वाटेकडे. सहा मीटरमध्ये ६० मिमीचा उतार झाला, शेवटचं टोक उणे ०.४१ वर. वाट उणे ०.५० वर असल्याने पाणी आपोआप पुढे निघून जातं. पाटाला घराच्या मागच्या पट्ट्यात चिऱ्यांचं अस्तर दिलं. कुळागरात काम करणाऱ्या माणसाने पाटाचं तोंड थोडं वर सरकवायला आनंदाने मान्यता दिली. त्याला तिथे माती सारखी ढासळायचा त्रास होताच.

आतून कोटिंग आणि सिमेंटचा गिलावा खरवडून काढला आणि भिंत उघडी ठेवली. हे घरच्यांना फारसं आवडलं नाही, कारण उघडे चिरे ओंगळ दिसतात आणि चतुर्थीला पाहुणे येतात. पण ४५० मिमी जाडीची जांभ्याची भिंत, बरीच वर्षं पाणी प्यायलेली, एका उन्हाळ्यात सुकत नाही. चुन्याचा गिलावा ती कोरडी झाल्यावरच करायचा आहे.

छपराची फुटकी कौलं तेवढी बदलली. मागचं पाखं आहे तसंच आहे. माळ्यावर नारळ आणि जुनी लाकडं आहेत. काम झाल्यावर क-क पुन्हा काढला, गडगा, गटार आणि नव्या जमिनीच्या पातळ्यांसकट, आणि त्याची एक मोठी प्रिंट घरच्यांना दिली. तिच्यावर गटाराजवळ एक टीप लिहिली आहे: इथली पातळी उणे ०.३५ च्या वर जाऊ देऊ नये, दर पावसाळ्याआधी झावळ्या आणि पाला काढावा. गडग्याच्या खालच्या थरातून पाणी येत असल्याचं घरच्यांनी फेब्रुवारीत कळवलं आहे. ते पाटाच्या अस्तराच्या सांध्यातून येतंय की डोंगराकडून, हे पाट एक आठवडा बंद ठेवल्यावर कळेल. शिंपणाच्या दिवसांत आठवडाभर पाट बंद ठेवायला घरचे अजून तयार नाहीत.